कंपनी राह्यते कुठी?

ती कुठेही बसायच्या आधी जमिनीला तळहात लावायची. लेकराच्या कपाळाला हात लावून ताप पाहतात ना, तसा. आमच्या अंगणात, बसस्टँडवर, चंद्रपूरच्या ऑफिसातल्या गुळगुळीत फरशीवरसुद्धा. आधी हात, मग बूड. आणि कोणी काही नवीन सांगितलं की तिचा एकच सवाल, "राह्यते कुठी?"

पोरासाठी पोरगी पाहिली म्हटलं, तर "राह्यते कुठी?" हे ठीक आहे. पण गावात नवी योजना आली म्हटलं तरी तेच. एकदा मी वैतागून म्हटलं, "बाई, योजना का भाड्याच्या खोलीत राह्यते?"

"मंग भेटन कशी, भाऊ?"

मी आपला माझ्या कामाला लागलो. 

मी सुतार. चौथीपर्यंत शिकलो. पाचवीच्या वर्गात गेलो नाही, पण त्या वर्गाचा दरवाजा पुढे मीच बसवला. आमचं गाव आरमोरीच्या पलीकडे, जंगलाला लागून. बाईचं घर माझ्या घरासमोर, मधे बैलगाडी जाईल एवढा रस्ता. ती गोंडाची, आम्ही बौद्ध. तिला लहानमोठे सगळे 'बाई'च म्हणायचे. नाव होतं, पण ते कोणाला लागलं नाही. तुम्हीही तिला बाईच म्हणा. असं एखादं माणूस तुमच्याही गल्लीत असेल, ज्याचं नाव कोणालाच ठाऊक नाही आणि घर सगळ्यांना ठाऊक आहे.

माझ्या बायकोची ती सोबतीण. आमच्याकडे जंगलातली मोहाची झाडं घराघरांत वाटलेली असतात. ज्याचं झाड त्यानंच त्याच्याखालची फुलं वेचायची. आमच्या वाट्याला झाड नव्हतं. बाईनं आपल्या झाडांतलं एक माझ्या बायकोला दाखवलं आणि म्हणाली, "हे तुहं." झालं. माझी बायको गेली त्या उन्हाळ्यात त्या झाडाखाली कोणी वेचलं नाही. फुलं पडली, हरणांनी खाल्ली, अस्वलानं खाल्ली. मी म्हटलं, "बाई, वाया काऊन घालवता? तुमचंच त झाड होतं."

"तिचं आहे. मी कोण?" म्हणाली आणि टोपली घेऊन पुढच्या झाडाकडे गेली.

बायकांचा बचत गट होता. मोह, हिरडा, चारोळी, मध गोळा करायच्या आणि येईल त्या व्यापाऱ्याला द्यायच्या. मग त्यांनी ठरवलं की आपणच कंपनी काढायची आणि आपला माल आपण विकायचा. त्यासाठी चंद्रपूरहून एक सल्लागार साहेब आला. खोटं कशाला सांगू, पहिल्या दिवशी तो मला आवडला नाही, कारण त्याचे बूट फार चकचकीत होते. पण बूट त्यानं दाराबाहेर काढले.

मीटिंग माझ्या पुढच्या खोलीत. तिथं मी काम करतो. बायको होती तेव्हापासून गट तिथंच बसायचा, कारण गावात तेवढी सपाट जमीन दुसऱ्या कोणाच्या घरात नाही. साहेब भुशावर चटई टाकून बसला आणि समजावून सांगायला लागला. "कंपनी म्हणजे कायद्यानं एक वेगळी व्यक्ती. तुम्ही वेगळ्या, ती वेगळी. ती स्वतःच्या नावानं घेईल, विकेल, कोर्टात भांडेलसुद्धा."

एकीनं विचारलं, "अन् लिमिटेड म्हणजे का?"

"म्हणजे कंपनी बुडाली तरी तुमची घरं बुडत नाहीत. तुम्ही भाग घातला असेल तेवढाच जातो."

हे सगळ्यांना आवडलं. बाईनं जमिनीला हात लावला. "साहेब, माणूस आहे म्हणता. मंग राह्यते कुठी?"

बायका पदराआड हसल्या. साहेब हसला नाही. तिथून तो मला आवडायला लागला. "बाई, खरा प्रश्न हाच आहे," तो म्हणाला. "नोंदणी करताना कंपनीचा पत्ता द्यावा लागतो. सरकारचं पत्र त्याच पत्त्यावर येणार."

मग त्यानं जागा सांगितल्या. दिल्लीचा एक माल घेणारा म्हणत होता, इकडेच नोंदवा, मला सोपं पडेल. नागपूरला बँका जवळ, व्यापारी जवळ. नाहीतर चंद्रपूरला त्याच्याच ऑफिसचा पत्ता द्यायचा. "पुष्कळ जण तसं करतात. पत्रं मी सांभाळीन."

"अन् इथी?"

"इथंही चालते. कायद्याची ना नाही. पण घरमालकाची संमती लागेल, घराचं विजेचं बिल लागेल, दारावर पाटी लागेल. आणि पत्र घ्यायला घरात माणूस लागेल."

बायकांचं मन चंद्रपूरकडे झुकलं. बाईचं नाही. त्याचं कारण होतं. काही वर्षांमागं या बायकांनी एका कंपनीला हिरडा दिला होता. वजनात मारलं गेलं असं वाटलं, म्हणून पावतीवरचा पत्ता घेऊन, गाड्या बदलत, त्या चंद्रपूरला गेल्या. पत्त्यावर एक बंद शटर होतं आणि बाजूला न्हाव्याचं दुकान. न्हावी म्हणाला, "मीपण नुसतं नावच आयकलं आहे." बायका दिवसभर शटरपुढं बसल्या. शेवटी बाईनं शटरलाच शिव्या घातल्या. न्हाव्यानं त्यांना पाणी पाजलं.

तेव्हापासून बाई म्हणायची, "भांडाले माणूस पायजे. अन् माणसाले दार पायजे. ज्याच्या दारात जाऊन शिव्या देता येत नाई, त्याच्याशी व्यवहार कायचा?"

तिला कंपनी गावात पाहिजे होती ती एवढ्यासाठी. उद्या एखाद्या बाईला वजन कमी वाटलं, तर तिनं उठावं आणि चालत जाऊन भांडावं. गाडीचं तिकीट काढून नाही.

पण ती हटवादी नव्हती. म्हणाली, "साहेबाची जागा पाहून घेऊ. जागा हो म्हणन त देऊ."

आता जागा हो कशी म्हणते ते सांगतो. गोंडांमध्ये नवं घर बांधायचं असलं की संध्याकाळी त्या जागेवर तांदळाचे तीन अख्खे दाणे एकमेकांना टेकवून ठेवतात आणि वर पळसाच्या पानांचा द्रोण उपडा घालतात. सकाळी द्रोण उचलायचा. दाणे जवळच्या जवळ असले तर जागा चांगली. पांगले असले तर दुसरी जागा पाहायची. आमच्यात हे नाही आणि मी मानत नाही. पण मला सोबत नेलं, पाट्या वाचायला.

साहेबाचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर. बाईनं फरशीला हात लावला आणि मला हळूच म्हणाली, "थंडी आहे बिचारी." मग कमरेच्या पिशवीतून दाणे काढले, साहेबाच्या टेबलाखाली मांडले, वर द्रोण घातला. साहेबाकडे बसलेलं एक गिऱ्हाईक पाहतच राहिलं. साहेब त्याला म्हणाला, "जागेची तपासणी चालू आहे." हसू न येऊ देता.

आम्ही रात्री बाईच्या लेकीकडे राहिलो, तिचं सासर चंद्रपूरलाच. सकाळी जाऊन पाहतो तर टेबलाखाली फरशी चकाचक. झाडणारी झाडून गेली होती. साहेबाचा चेहरा उतरला. "हे धरायचं नाही बाई. परत ठेवा. मी तिला सांगून ठेवतो."

परत ठेवले. आम्ही गावी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबाचा फोन, मीच घेतला. "भाऊ, बाईंना सांगा, दोन दाणे जवळ आहेत. एक मात्र मुंगीनं पार भिंतीपर्यंत नेला आहे. हे कसं धरायचं?"

मी बाईला सांगितलं. ती म्हणाली, "साहेबाले म्हणा, मुंगीचं घर आहे थे. राहू द्या तिले." त्यातून तिचा आणि साहेबाचा जीव जुळला तो कायमचा. पण चंद्रपूर बाद झालं.

आता गावातलं घर शोधायचं. बाईच्या घराचं बिल तिच्या मेलेल्या सासऱ्याच्या नावानं, आणि वारस गावोगाव पसरलेले. कोणाच्या घराला कागद नाही, कोणाच्या घराला मीटर नाही. समाजमंदिर सरपंच देईना. साहेब येऊन म्हणाला, कंपनीचं नाव मंजूर झालं आहे, पण ते थोड्याच दिवसांपुरतं राखून ठेवतात. पत्ता नाही दिला तर नाव सुटेल. गावात घर मिळत नसेल, तर शेवटी त्याच्याच ऑफिसचा पत्ता टाकावा लागेल.

सगळ्या बायका भिंतीकडे, छताकडे, माझ्या रंध्याकडे पाहायला लागल्या. माझ्याकडे कोणी पाहीना. साहेबानंच विचारलं, "भाऊ, या घराचं बिल कोणाच्या नावानं?"

घरकुल माझ्या बायकोच्या नावानं आलं होतं. म्हणून मीटरही तिच्याच नावानं. ती जाऊन दोन वर्षं होत आली होती. बिल भरत होतो, नाव बदललं नव्हतं.

"मग सोपं आहे," साहेब म्हणाला. "मृत्यूचा दाखला जोडा, तुमच्या नावावर करून घ्या, संमती लिहून द्या."

"नाई होत."

"काय अडचण आहे?"

"नाई होत म्हणजे नाई होत." मी रंधा उचलला आणि फळीवर चालवायला लागलो. फळी आधीच गुळगुळीत होती.

बाहेर पडताना एक जण मला ऐकू येईल अशी बोलली, "म्हातारा कंपनीले दारात उभी नाई करत." बाई तिच्यावर खेकसली, "त्याचं घर आहे. थो पाह्यन."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाई अंबाडीची भाजी ठेवून गेली, नेहमीसारखी. बायको गेल्यापासून एकवेळची भाजी तिच्याकडूनच येत होती. सकाळी उठून पाहतो तर माझ्या खोलीच्या कोपऱ्यात, पटाशा ठेवतो तिथं, द्रोण उपडा घातलेला.

दाण्यांवर माझा विश्वास नाही हे सांगितलंच. पण द्रोण मी उचलला नाही. झाडूही मारला नाही. बाई आली, खाली बसली, द्रोण उचलला. दाणे जसेच्या तसे, एकमेकांना टेकून.

"पाह्यलं?"

"पाह्यलं."

"जागा त हो म्हणून राह्यली. आता तुमी सांगा भाऊ, काऊन नाई म्हणता?"

एवढ्या लोकांनी मला समजावलं होतं. काऊन म्हणून बसून विचारणारी ती पहिली. म्हणून सांगितलं.

आमच्या पिढीत नवरा बायकोचं नाव घेत नाही. 'अवो' आणि 'आयकलं का' यावर आमचा अख्खा संसार झाला. मी तिचं नाव तोंडानं कधी घेतलं नाही, लग्नात आग्रह झाला तेव्हाही पळून गेलो होतो. ती गेल्यावर गाव तिला 'सुताराची बायको' म्हणायला लागलं, मग तेही थांबलं. राहिला एक बिल वाटणारा. तो महिन्यातून एकदा यायचा आणि दारात उभा राहून तिचं नाव पुकारायचा. पूर्ण नाव. आधी तिचं, मधात माझं, शेवटी आडनाव.

"तेवढ्यापुरतं घरात कोणीतरी आहे असं वाटते, बाई," मी म्हटलं. "थे बिलावरून काढलं, त या दारात तिचं नाव कोण घेईन?"

 बाईनं दाणे पदरात वेचले. उठताना म्हणाली, "राहू द्या मंग. कंपनी जाईन चंद्रपूरले. आपून जाऊ भेटाले." रुसून नाही म्हणाली. खरंच म्हणाली.

पुढच्या सकाळी मी अंगणात तोंड धूत होतो. समोरून हाक आली. माझ्या बायकोचं नाव, मधात माझं, शेवटी आडनाव, खणखणीत आवाजात. आणि मग, "अवो, उठला का तुमचा मालक? का लोळूनच राह्यला अजून?"

मी चूळ तोंडात धरून उभा. बाई आपल्या दारात कमरेवर हात ठेवून, माझ्याकडे न पाहता, माझ्या दाराकडे पाहत होती. रस्त्यानं जाणारा एक माणूस थांबला. त्यानं तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि सायकल हातात धरूनच चालता झाला.

दुसऱ्या सकाळी पुन्हा पूर्ण नाव. "त्याले आंगोळ कर म्हणा वो! वास येऊन राह्यला इथपावतर!"

त्याच्या पुढच्या सकाळी, "भाजी ठेवली आहे. मीठ कमी आहे, तोंड वाकडं करू नको म्हणा त्याले!"

कंपनीबद्दल अवाक्षर नाही. मला वाटलं थकेल. थकली नाही. पाऊस असला की पदर डोक्यावर घेऊन हाक मारायची. मी तिच्या हाकेनं उठायला लागलो. मग हाकेच्या आधी उठून, आंघोळ करून, तयार राहायला लागलो.

अशात बिल आलं. बिल वाटणाऱ्यानं दारात उभं राहून कागदावरून नाव पुकारलं, बिल उंबऱ्यावर टाकलं आणि पुढच्या घराचं नाव त्याच आवाजात घेत निघून गेला. मी उंबऱ्यात उभा राहिलो. तो नाव घेत नव्हता, वाचत होता. इतके दिवस मला हे कळलं नव्हतं.

मृत्यूचा दाखला पेटीतून काढला आणि बिल माझ्या नावावर करायला जीपनं आरमोरीला गेलो. कंपनीच्या नावाची मुदत साहेबानं वाढवून घेतली होती. कोणाला न सांगता. मीही त्याला विचारलं नाही, की आम्ही हो म्हणू हे तुम्हाला कसं ठाऊक.

पत्ता लिहिताना साहेबानं जवळची खूण विचारली. मी म्हटलं, "लिहा, बाईच्या घरासमोर."

"कोणत्या बाई, असं विचारतील."

"विचारू द्या. विचाराले तरी येतीन."

त्यानं तसंच लिहिलं. पाटी मी केली, सागाच्या जुन्या फळीची, आणि कंपनीचं नाव आरमोरीच्या पेंटरनं रंगवलं. फार लांब नाव आहे, शेवटी लिमिटेड. बाईनं पाटीला हात लावला. ताप पाहावा तसाच. "आता भेटन," म्हणाली.

आणि भेटली. मोहाच्या पहिल्याच हंगामात एक जण माझ्या दारात येऊन ओरडायला लागली, काट्यात खोट आहे, तुम्ही सगळ्या चोर आहात, तुमची कंपनी जळो. बाई तेव्हा कंपनीची अध्यक्ष. ती आत काट्याजवळ बसली होती. तिचा चेहरा असा फुलला, की मी तरी लग्नाच्या पंगतीतसुद्धा असा चेहरा पाहिला नाही. "दे, दे," ती म्हणाली. "आणखी दे. पोटभर दे. मंग पुन्हा तोलून देते." त्या ओरडणारीच्या शिव्याच आटल्या. पुन्हा तोललं. काटा बरोबर होता, टोपलीखालचा दगड तिरपा होता. दोघी चहा पिऊन गेल्या. चहा मी केला.

सकाळची हाक चालूच होती. आता बिल माझ्या नावानं येत होतं आणि बायकोचं नाव रोज घेतलं जात होतं.

यंदा हिवाळ्यात बाईचा खोकला काही केल्या जाईना. लेक गाडी घेऊन आली, चंद्रपूरच्या दवाखान्यात न्यायला. बाई गाडीत बसण्याआधी आपल्या उंबऱ्यापाशी वाकली आणि हात टेकला. मी रस्ता ओलांडून गेलो. मला पाहून म्हणाली, "असे का पाहता? पत्ता बदलून नाई राह्यली मी. दवाखान्यात चालली." मग माझ्या दाराकडे तोंड करून, दम लागत होता तरी, पूर्ण नाव घेतलं. "अवो, पाह्यजा याले."

तिला परत आणलं ते न बोलणारी. मातीला सगळं गाव होतं. साहेब चंद्रपूरहून आला, बूट नेहमीसारखे चकचकीत. माझ्या अंगणात बसताना आधी त्यानं जमिनीला हात लावला. त्याच्या ते लक्षातही आलं नसेल.

ती गेल्यानंतर काही दिवस सकाळी रस्ता नुसता पडलेला असायचा. मी सवयीनं उठायचो, आंघोळ करायचो आणि उंबऱ्यात उभा राहायचो. समोर कुलूप. चहा हातात निवायचा.

मग एक दिवस मी अंगणात उतरलो. रस्त्यावर कोणी नाही हे पाहून घेतलं. आपल्याच दाराकडे तोंड केलं आणि माझ्या बायकोचं नाव घेतलं. जन्मात पहिल्यांदा. गाठीच्या लाकडावर रंधा अडावा तसा आवाज अडला. पुन्हा घेतलं, तेव्हा बरा निघाला. मग वळलो आणि बाईच्या कुलपाकडे पाहून बाईचंही नाव घेतलं. कंपनीच्या कागदांवर वाचलेलं, पण तोंडानं पहिल्यांदाच. चांगलं नाव होतं.

आता रोज घेतो. कोणी थांबून पाहिलं तर पाहू देतो. उत्तर येत नाही, हे मलाही ठाऊक आहे, मी काही खुळा झालो नाही. पण दोन्ही दारं जिथल्या तिथं आहेत, एकमेकांसमोर, कंपनीच्या पत्त्यात लिहिली आहेत तशी. माणसाला दार पाहिजे हे बाई शिव्यांसाठी म्हणायची. ते हाकेलाही लागतं.